काळी चारचा हट्ट: एका शाहिरी पथकाच्या प्रकल्प नोंदी

२ मार्च २०२५

प्रकल्प म्हणजे नक्की काय, ते आधी लिहून ठेवतो, नाहीतर मास्तर विचारत बसतील. २६ जूनला राजर्षी शाहू जयंती. त्या दिवशी कोल्हापुरात मंगळवार पेठेत आपला नवा पोवाडा व्हायचा आहे. शेवटच्या चौकाची, म्हणजे पोवाड्याच्या शेवटच्या भागाची, शेवटची ओळ टिपेला, सर्वांत उंच सुराला जाते आणि तिथं तार गंधारावर, वरच्या सप्तकातल्या ‘ग’वर, शाहिरानं ठाण मांडायचं असतं. फेब्रुवारीत शिवजयंतीच्या कार्यक्रमांत नेमका तिथंच आमच्या शाहिराचा आवाज फाटला. एखाद्या रात्री फाटला असता तर माइकवर ढकलून मोकळे झालो असतो. पण मार्च उजाडला तरी गडी सकाळी उठून बोलतो ते भांडं खरवडल्यासारखं येतं.

आमच्या शाहिराला सगळे पैलवान म्हणतात, मीही तसंच लिहितो. झीलकऱ्यांत, म्हणजे मागून सूर धरणाऱ्यांत, मास्तरांची लेक आहे, कॉलेजात जाते. हलगी आणि डफ बापूंकडे. पोवाडे मास्तर लिहितात. आबा आता गात नाहीत, पण तालमीला येऊन बसतात आणि त्यांच्या नजरेला सगळे घाबरतात. मी पेटीवर.

ठरलं ते असं: जून अखेरपर्यंत पैलवानाला ती टीप जोरकस लागली पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला नीट बोलताही आलं पाहिजे. दुसरी अट मी घातली. पहिलीवर सगळ्यांचं एकमत होतं, दुसरीवर आबा नुसते हसले.

५ मार्च

पेटी काढून हिशेब केला. आमचं पथक काळी चारमध्ये गातं, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज, ‘सा’, धरून. का, तर आबा काळी चारमध्ये गायचे. आबा का, तर त्यांचे वस्ताद गायचे. ४४० हर्ट्झला जुळवलेल्या पेटीवर काळी चारचा मध्य षड्ज साधारण २०८ हर्ट्झ येतो, तार षड्ज ४१५ आणि तार गंधार ५२३. म्हणजे तो सूर धरला की घशातल्या स्वरपट्ट्या सेकंदाला पाचशे तेवीस वेळा एकमेकींवर आपटतात. बोलताना पुरुषाचं हेच काम सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा चालतं. टिपेवर सहा सेकंद ठाण मांडलं तर तीन हजारांवर आपटण्या झाल्या, त्याही सगळा जोर लावून.

मास्तरांच्या लेकीनं पाठीमागून वाकून वही बघितली आणि म्हणाली, “काका, काळी चार तर माझी पट्टी आहे.” खरंच आहे. बहुतेक बायकांचा षड्ज काळी चार, काळी पाच असाच असतो. पुरुषानं त्याच पट्टीत उभं राहायचं म्हणजे पहिल्या ओळीपासूनच चढावर चालायचं.

१० मार्च

पैलवानाला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. नेलं म्हणजे अक्षरशः धरून नेलं. आवाज बसून तीन आठवडे झाले तरी सुटत नसेल तर घसा आतून बघितलाच पाहिजे, हे माझं म्हणणं. त्याचं म्हणणं, “ज्येष्ठमध चघळतोय की.”

डॉक्टरांनी जीभ कापडात धरून बाहेर ओढली, दुर्बीण आत घातली आणि ‘ई’ म्हणायला लावलं. पडद्यावर दोन पांढरट पट्ट्या. पुरुषाच्या घशात त्यांची लांबी जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर. दिव्याची उघडझाप आवाजाच्या वेगाशी जवळपास जुळवून घेतात, त्यामुळे एरवी डोळ्याला दिसणार नाही अशी त्यांची थरथर संथ लाटेसारखी दिसते. पुढच्या एक तृतीयांशावर दोन्ही पट्ट्यांच्या कडा जराशा फुगलेल्या होत्या. समोरासमोर, एकाच जागी. पट्ट्या मिटल्या की त्या फुगवट्याच्या पुढं-मागं फट राहायची. त्या फटीतून सुटणारी हवा म्हणजे पैलवानाचा घोगरा आवाज. सर्वांत जोराची टक्कर त्याच जागी बसते म्हणून सूजही तिथंच येते. तशीच रेटत राहिलं तर तिथं गाठी धरतात.

गाठ अजून झालेली नव्हती. ऑपरेशनचा प्रश्नच नाही, असं डॉक्टर म्हणाले. गाठी झाल्या तरी पहिला उपाय आवाजाच्या व्यायामांचा असतो. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे पाठवलं. दोन आठवडे गाणं बंद, बोलणं कमी, घसा खाकरायचा नाही, आणि कुजबुजायचंही नाही. शेवटचं ऐकून पैलवान चाट पडला. जोर लावून कुजबुजण्यानंही घशावर ताण येतो. हळू पण खऱ्या आवाजात बोलायचं.

ज्येष्ठमधाचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, खा, घशाला बरं वाटतं. पण गिळलेली कुठलीही गोष्ट स्वरपट्ट्यांवरून जात नाही, ती अन्ननलिकेत जाते. पट्ट्यांवर गेली तर ठसका लागेल. पट्ट्यांपर्यंत थेट पोचते ती वाफ. पाणी पोचतं ते शरीरातून फिरून, म्हणून कार्यक्रमाच्या आधी घटाघटा प्यायलेल्या बाटलीपेक्षा दिवसभर प्यायलेलं पाणी कामाला येतं.

१६ मार्च

आबांना सगळं सांगितलं. ते अपेक्षेप्रमाणे भडकले. “आमच्या वेळेला पहाटे पंचगंगेच्या घाटावर उभं राहून घसा फोडायचो. फोडल्याशिवाय आवाज पहाडी होत नाही. डॉक्टर काय पोवाडा गाणार हाय?”

हे आबा बोलतात ते ज्या आवाजात बोलतात तो आवाज समोर बसलेल्यालाच ऐकू येतो. कोणी काही बोललं नाही.

मास्तर मात्र गप्प बसणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी थेट अल्लादिया खाँसाहेबांचा दाखला काढला. जयपूर-अत्रौली घराण्याचा हा मूळपुरुष, शाहू महाराजांच्या दरबारी गायक. तरुणपणी बेसुमार गाऊन त्यांचा आवाज गेला होता. परत आला तो पूर्वीचा राहिला नव्हता, आणि मग त्या आवाजाला झेपेल, शोभेल अशी गायकी त्यांनी उभी केली. “आबा,” मास्तर म्हणाले, “कोल्हापुरात गाण्याचं एवढं मोठं नाव, त्यांचासुद्धा आवाज फोडून तयार झाला नव्हता. फुटल्यावर त्यांना सगळं नव्यानं बांधावं लागलं.” आबांनी तंबाखूची डबी काढली आणि परत खिशात ठेवली. यातही एक गंमत आहे. तंबाखू घशाला वाईट हे आबा पंधरा वर्षांच्या पोरांना रोज सांगतात.

२३ मार्च

दोन आठवड्यांची बंदी उद्या संपते. बाईंनी दिलेले व्यायाम आता तालमीतही करायचे ठरले, एकट्यानं करायला पैलवानाला लाज वाटते म्हणून सगळ्या पथकानं.

पहिला स्ट्रॉचा. पेल्यात पाणी, त्यात स्ट्रॉ दोन-तीन सेंटीमीटर बुडवायची आणि तिच्यातून ‘ऊ’ गायचा. बुडबुडे सारखे येत राहिले पाहिजेत. सूर खालून वर, वरून खाली, सलग घसरता न्यायचा. तोंडाशी वाट अरुंद असल्यानं हवेचा थोडा दाब मागं घशात राहतो, त्या दाबानं स्वरपट्ट्या एकमेकींपासून किंचित सुट्या राहतात आणि आपटण्याचा मार कमी बसतो. सूर मात्र पूर्ण उंचीचा मिळतो. म्हणजे टिपेची सवय होते, टिपेची झीज होत नाही. अमेरिकेतले आवाजाचे शास्त्रज्ञ इंगो टिट्झे यांनी या व्यायामाचा बराच अभ्यास आणि प्रसार केला आहे.

रसवंतीवाल्याकडून कागदी स्ट्रॉ आणल्या होत्या. पाण्यात पाच मिनिटांत त्यांचा लगदा झाला. बापूंनी घरातून स्टीलच्या आणल्या, त्या चालल्या.

दुसरा ओठांच्या फुरफुरीचा. ओठ सैल सोडून फुर्र करत तोच चढ-उतार. पैलवानाचे ओठ मध्य सप्तकात झकास फुरफुरतात, तार षड्ज आला की थांबतात. म्हणजे तिथं त्याचा श्वास अडतो. त्याला कळण्याआधी ओठांना कळतं.

३० मार्च

गुढीपाडवा. तालीम नाही. पैलवानानं फोनवर तार षड्ज फुरफुरून दाखवला आणि श्रीखंड खायला गेला.

६ एप्रिल

श्वास का अडतो ते आज तालमीत सापडलं. गाण्याच्या नव्हे, कुस्तीच्या तालमीत. सकाळी त्याला भेटायला गेलो तेव्हा गडी जोर मारत होता. खाली जाताना श्वास घेतो, वर येताना घसा घट्ट मिटून ‘हं’ करून दाब धरतो. वजन उचलताना सगळ्यांचंच असं होतं: घसा मिटला की छातीतली हवा कोंडते आणि धड ताठ राहतं. ताकदीच्या कामाला ते उपयोगी. पण पैलवानाच्या शरीराला सवयच लागली आहे की जोर लावायचा म्हणजे घसा मिटायचा. टीप आली की तेच. मान फुगते, हनुवटी वर जाते, आणि मिटलेल्या घशातून तो सूर रेटून बाहेर काढतो.

तालमीतल्या वस्तादांना मी काय शिकवणार. पण त्यांनीच सांगितलं, “वर येताना फुंकर मार लेका, श्वास कोंडायचा न्हाई.” शिवाय ‘हं’चा आवाज बंद. प्रत्येक ‘हं’ला पट्ट्या एकमेकींवर दाणकन बसतात. शेकड्यानं जोर मारणाऱ्या गड्यानं संध्याकाळी टीप लावायला जायचं म्हणजे ती आधीच अर्धी वाजलेली.

संध्याकाळी बसून प्रयोग केला. श्वास घेतल्यावर बरगड्या जशा फाकतात तशा त्या गातानाही फाकलेल्या ठेवायच्या, एकदम कोसळू द्यायच्या नाहीत. “पोटात हवा भर” असं आपल्याकडं सांगतात. हवा पोटात जात नाही, पण पोट सैल सुटलं की छाती आणि पोटामधल्या पडद्याला खाली यायला जागा मिळते, एवढा त्या सांगण्यात अर्थ आहे. टिपेला जास्त हवा लागते असं पैलवानाला वाटायचं. म्हणून तो छाती तुडुंब भरून घ्यायचा आणि मग तेवढी हवा थोपवायला घसा आवळायचा. आज थोड्या कमी श्वासावर तार षड्ज घ्यायला लावला. सूर हलका लागला आणि मान फुगली नाही. पैलवान म्हणाला, “काही केल्यासारखंच वाटत नाही.”

तसंच वाटायला पाहिजे.

१३ एप्रिल

काल जोतिबाची चैत्र यात्रा. पैलवान वाडी रत्नागिरीला सासनकाठीबरोबर गेला होता. गुलाल नाकातोंडात, दिवसभर ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’, आणि आज पुन्हा आवाज खरवडल्यासारखा. यात्रेला जाऊ नको असं कोल्हापुरात कोणी कोणाला सांगू शकत नाही, मीही सांगितलं नव्हतं.

पण यातून एक कामाची गोष्ट हाती लागली. बाईंनी एक चाचणी शिकवली आहे: रोज सकाळी उंच सूर अगदी बारीक, हळू आवाजात लावून बघायचा. जोरात लावलेला सूर सूज झाकतो, कारण हवेच्या दाबानं सुजलेल्या पट्ट्याही हलतात. हळू आवाजात तो दाब नसतो. सूज असेल तर सूर लागायला क्षणभर उशीर होतो, आधी नुसती हवा जाते, मग आवाज. आज तसंच झालं. म्हणजे आज टीप नाही, उद्या पुन्हा चाचणी. घसा दुखतो का यावर भरवसा ठेवायचा नाही, कारण सुजलेल्या पट्ट्या बऱ्याचदा दुखत नाहीत. आणि गाता गाता आवाज एकाएकी गेला तर तिथंच थांबायचं, रेटायचं नाही, सरळ डॉक्टर गाठायचा. स्वरपट्टीत रक्त उतरलेलं असू शकतं. हे बाईंनी पथकातल्या सगळ्यांना दोनदा सांगितलं.

२० एप्रिल

सूज ओसरली. आज पोवाड्याची शेवटची ओळ पहिल्यांदाच घेतली, आणि खरा घोळ सापडला. तो पैलवानाच्या घशात नव्हता, ओळीत होता. ओळ अशी:

गोरगरिबांचा वाली, शाहू छत्रपती

टीप येते ‘ती’वर. म्हणजे ‘ई’वर.

आता हे थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्या प्रकल्पाची किल्ली इथं आहे. घसा आणि तोंड मिळून जी पोकळी होते तिचे स्वतःचे घुमण्याचे आकडे असतात आणि स्वर बदलला की ते बदलतात. ‘ई’ म्हणताना सर्वांत खालचा घुमार तीनशे हर्ट्झच्या आसपास येतो. ‘आ’ म्हणताना जबडा खाली येतो, तोंड मोठं होतं आणि तोच घुमार सातशेच्या पुढं जातो. काळी चारचा तार गंधार ५२३. म्हणजे सूर ‘ई’च्या घुमाराला केव्हाच ओलांडून वर गेला. पोकळीकडून आधार नाही, सगळं काम घशावर. गायक मग काय करतो? जोर वाढवतो. ‘आ’वर तोच सूर घुमाराच्या खाली राहतो, आणि तोंड आणखी उघडून घुमार त्या सुराच्या दुपटीच्या स्वरांशाजवळ, म्हणजे सुरातच मिसळलेल्या दुप्पट उंच कंपनाजवळ, नेता येतो. तेवढ्याच हवेत दणका जास्त.

करून बघितलं. ‘ती’वर पैलवानाचा चेहरा लाल. त्याच उंचीवर ‘हा’ म्हणायला लावलं, तर भिंतीवरचा महाराजांचा फोटो थरथरला. (खिळा सैल होता, हेही लिहितो.)

आबा इतका वेळ डोळे मिटून होते. म्हणाले, “पोरा, ‘जी’ कशी म्हणायची ते तुला कुणी सांगितलंय का?” आणि बसल्या जागी, आवाज नसताना, नुसत्या तोंडाच्या आकारानं त्यांनी ‘जी जी रं जी’ करून दाखवलं. मी जवळ बसून नीट बघितलं. त्यांची वरची ‘जी’ म्हणजे ‘जी’ नसतेच. जबडा बोटभर खाली येतो, जीभ पुढं सपाट राहते, आणि ती ‘जी’ आणि ‘जे’ यांच्या मधे कुठंतरी लागते. लांबून ऐकणाऱ्याला ‘जी’च वाटते. “वर गेल्यावर तोंड उघडायचं, एवढंच आमचे वस्ताद सांगायचे.”

माझं मत असं बनत चाललं आहे की आबांचा आवाज घाटावर घसा फोडून तयार झालाच नाही. तो या जबड्यानं तयार झाला होता. घसा फोडण्याची गोष्ट सांगायला जोरदार आहे, म्हणून तेवढी टिकली.

२७ एप्रिल

ओळ बदला म्हटल्यावर मास्तर जे काही म्हणाले ते लिहीत नाही. सोपा पर्याय मी सुचवला: ‘शाहू आमचा राजा’. टीप ‘जा’वर, लख्ख ‘आ’. पण मग ‘छत्रपती’ जातं. कोल्हापुरात, शाहू जयंतीला, महाराजांच्या नावामागचं छत्रपती काढायचं! बापू म्हणाले, “त्यापेक्षा आवाज फाटू दे.” याबाबतीत मी बापूंच्या बाजूचा.

मास्तर दोन दिवस घुम्यासारखे होते. आज आले आणि वही पुढं केली:

छत्रपती शाहू, गोरगरिबांचा वाली
झाला रयतेचा राजा, हो राजा

‘छत्रपती’ खाली, खर्जाकडं झुकून, ठसक्यात. टीप ‘राजा’च्या दोन्ही ‘आ’कारांवर. आणि मधला ‘हो’ तोंड गोल करून पुढच्या ‘रा’ला वाट करून देतो. मास्तरांनी एवढा विचार केला होता की सहज जमलं, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

४ मे

पट्टीचा विषय आज काढला. तारीख मुद्दाम लिहितो, कारण तालीम भांडणात संपली.

मी म्हटलं, पांढरी चार, म्हणजे पेटीची चौथी पांढरी पट्टी. काळी चारच्या तीन पट्ट्या खाली. तार गंधार मग ५२३ ऐवजी बरोबर ४४० वर येतो. पैलवान ती टीप तिथं खुल्या आवाजात, चोरटा, म्हणजे बारीक खोटा, आवाज न लावता धरू शकतो, आणि दोन कार्यक्रम लागोपाठ झाले तरी धरू शकतो.

आबांनी संगीत नाटकांतले गायक-नट केशवराव भोसल्यांचं नाव काढलं. माइकशिवाय गायचे, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू यायचं, त्यांनी पट्टी खाली घेतली होती का? मी केशवरावांबद्दल वाद घालणार नाही. १८९० साली जन्मलेला आणि १९२१ साली गेलेला तो माणूस, एवढ्याशा आयुष्यात केलेलं काम बघितलं की हात जोडावेत. पण ते गात होते ते आवाज घुमावा म्हणून बांधलेल्या बंदिस्त नाट्यगृहांत. शाहू महाराजांनी उभारलेलं पॅलेस थिएटर त्यातलंच, पुढं त्याला केशवरावांचं नाव मिळालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी ते जळालं, तो विषय निघाला आणि थोडा वेळ सगळेच गप्प झाले. आम्ही गातो ते रस्त्यावरच्या मंडपात, बाजूच्या मंडळाची साउंड सिस्टीम चालू असताना. तिथं पट्टीची मर्दुमकी कोण मोजतं?

आबा उठून गेले. पैलवान म्हणाला, “लोक म्हणतील पट्टी उतरली.” मास्तरांची लेक म्हणाली, “लोकांना पट्टी कळत नाही, आवाज फाटलेला कळतो.”

११ मे

डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घातली. फुगवटा खूपच कमी. पट्ट्या मिटताना फट जवळजवळ नाही. पैलवानानं पडद्याचा फोटो काढून घेतला आणि पथकाच्या ग्रुपवर टाकला. खाली आबांचा अंगठा. समेट झाला असं समजतो. पांढरी चार पक्की.

१८ मे

पट्टी उतरली तरी दणका उतरता कामा नये, हा आजचा विषय. माणसाचा कान दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो. कसलेल्या गायकांच्या आवाजात तीन हजारांच्या आसपास जास्तीची धार असते, तीच वाद्यांवरून तरंगून येते. डफाचा दणका बराचसा त्याच्या खाली असतो. म्हणून वाद्यांना भिडायला मोठा आवाज लागत नाही, टोकदार लागतो. मोबाइलवरच्या आलेखाच्या ॲपवर बघितलं: पैलवान रेटून गातो तेव्हा खालचा भाग फुगतो आणि तीन हजारांजवळ फारसं काही दिसत नाही. तोच सूर त्यानं जरा खोडकरपणे, लहान पोरं ‘न्या न्या’ करून चिडवतात तसा लावला, की तिथं उंचवटा येतो. हवा कमी, आवाज जास्त लांब. ‘न्या’वरून हळूच ‘रा’वर यायचं, धार तशीच ठेवून.

हलगीची गोष्ट वेगळी. ती कडाडते ती नेमकी त्याच पट्ट्यात. बापूंना म्हटलं, टिपेच्या ठोक्यावर हलगी थांबवा, नुसता डफ ठेवा. बापू म्हणाले, “टिपेलाच तर हलगी पायजे.” बरीच घासाघीस होऊन ठरलं: टीप सुरू होताना हलगी गप्प, टीप पुरी झाली की कडकडाट. करून बघितल्यावर बापू स्वतःच म्हणाले की हे भारी वाटतंय.

२५ मे

वळीव. सगळ्यांना सर्दी. फक्त वाफ आणि स्ट्रॉ.

८ जून

खाण्याचा विषय निघणारच होता. पैलवानाचं रात्रीचं जेवण साडेदहाला, तांबडा-पांढरा, वर भाकरीचा ढीग, आणि अकराला आडवा. पोटातलं आम्ल रात्री वर येऊन घशाच्या मागच्या बाजूला लागतं. सकाळी खाकरायची खाज सुटते त्याला हेही कारण असू शकतं, असं डॉक्टर म्हणाले. रस्सा बंद करा असं त्यांनी सांगितलं नाही, शहाणे आहेत. झोपायच्या तीन तास आधी जेवा, उशी उंच घ्या, एवढंच. पैलवानाच्या आईनं आता आठला ताट वाढायला सुरुवात केली आहे. त्यांनी जे साधलं ते आम्हा कोणाला साधलं नसतं.

१५ जून

साउंडवाल्याला बोलावून मंडपात चाचणी. आजवर आम्ही स्वतःला ऐकतच नव्हतो. स्पीकर सगळे लोकांकडं तोंड करून, शाहिराकडं फक्त डफ-हलगी. भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. हे लोंबार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं १९११ साली नोंदवलं, त्याच्याच नावानं ते ओळखतात. शाहिराला वाटतं रंगात आलो म्हणून आवाज चढला. चढतो तो स्वतःचा ऐकू येत नाही म्हणून.

एक स्पीकर पैलवानाकडं वळवला, त्यात फक्त त्याचा आवाज आणि माझी पेटी. पहिल्याच ओळीला त्यानं दचकून माझ्याकडं बघितलं. नंतर सगळा चौक मघापेक्षा हळू गायला आणि रस्त्यापलीकडं उभ्या असलेल्या मास्तरांना जास्त स्पष्ट ऐकू आला. साउंडवाला याचे वेगळे पैसे घेणार आहे. देऊ.

२२ जून

रंगीत तालीम. टिपेची विभागणी आबांनी करून दिली, आणि ती माझ्या सगळ्या आलेखांपेक्षा कामाची निघाली. शाहिरानं ‘राजा’ धरायचा, त्याचा श्वास संपायच्या आधी झीलकऱ्यांनी त्याच सुरावर ‘हो राजा’ उचलायचा, शाहिरानं मधे श्वास घेऊन परत यायचं. ऐकणाऱ्याला वाटतं एकच माणूस एवढा वेळ सूर धरून आहे. “झीलकरी कशाला असतात मग?” आबा म्हणाले. मास्तरांची लेक पैलवानाच्या सुरात अशी मिसळते की जोड कुठं झाला ते पेटीवर बसूनही मला सापडला नाही.

उद्यापासून तीन दिवस टीप नाही. खर्ज, स्ट्रॉ, पाणी.

२६ जून

दसरा चौकातल्या पुतळ्याला अभिवादन करून सगळे पेठेत आले. पाऊस पडत होता, मंडपाला गळती. बापूंच्या हलगीचं कातडं सारखं सैल पडत होतं, शेकोटी पेटवून ठेवावी लागली, तिचा धूर स्टेजवर येऊ नये म्हणून एक पोरगा पत्रा धरून उभा.

टीप लागली. पांढरी चार, तार गंधार, ‘रा’ उघडा. मान फुगली नाही. बाजूच्या गल्लीत दुसरी सिस्टीम चालू होती तरी पैलवानानं आवाज चढवला नाही, आपल्या स्पीकरकडं कान लावून गायला. हलगी गप्प राहिली, नंतर अशी सुटली की पुढच्या रांगेतली पोरं उभी राहिली. पट्टी उतरल्याचं एकानंही विचारलं नाही. एका जुन्या शाहिरांनी मात्र येऊन माझ्या पेटीवर बोट ठेवलं, ‘हम्म’ केलं आणि गेले.

२७ जून

सकाळी सहाला पैलवानाचा फोन. बारीक आवाजातला उंच सूर, लगेच लागला, हवा न सुटता. मग म्हणाला, “आता झोपतो.”

२९ जून

हिशेब आणि पुढचं. साउंडवाल्याचे पैसे दिले. गणपतीतल्या दोन मंडळांनी हाच पोवाडा मागितला आहे. एकानं आग्रह धरला आहे की आबांच्या वेळेसारखा काळी चारमध्ये हवा. मी नाही म्हणणार होतो, तेवढ्यात मास्तरांची लेक म्हणाली, “मग तिथं मी गाते. झील पैलवानदादा धरतील.” पैलवान लगेच हो म्हणाला. मास्तर गडबडले, आबा गडबडले नाहीत. “पोरगी गाईल,” म्हणाले, “तोंड उघडायला शिकलीय.”

तार गंधार तिला पूर्ण जोरात, लागोपाठच्या रात्री धरायचा आहे. पट्टी तिची असली तरी हे काम हलकं नाही. म्हणून तिचाही घसा आधी बघून घ्यायचा, म्हणजे पुढं काही बिघडलं तर तुलनेला मूळचं चित्र हाताशी राहील. सोमवारी सकाळी साडेदहाची वेळ घेतली आहे. मास्तर बरोबर जातील. फाइल माझ्याकडं ठेवायची.